गळ्याशी गेलेला तडा

भाद्रपदातल्या एका सकाळी पुनानं सावळखेड्यात सासऱ्याच्या दारापुढं बैलगाडी उभी केली. आधी बायकोला उतरवलं, मग तिची पत्र्याची पेटी, आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला एक पितळी हंडा. यशोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईतो त्यानं बैल वळवलेही होते.

"जवाई, पानी तं प्या," ती म्हणाली.

"नही. लांब जानं शे," एवढंच बोलून पुना गेला. त्याचं आंबेपिंप्री काही लांब नव्हतं. सकाळी निघालेला माणूस न्याहारीच्या आत पोचेल इतकंच.

भिकू अंगणातच उभी राहिली. यशोदाबाईची आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती, म्हणून ही झाली तेव्हा तिनं पाच घरी पदर पसरून धान्य मागितलं होतं आणि पोरीचं नावच भिकू ठेवलं होतं. वैशाखात तिचं लग्न झालं. आता पोळा होऊन चार दिवस झाले नव्हते आणि ती पेटीसकट परत आली होती.

यशोदाबाईनं फडक्याची गाठ सोडली. हंडा तिनंच लग्नात दिलेला, धुळ्याच्या तांबट गल्लीतून आणलेला. काठापासून निघालेली चीर गळ्यावरून उतरून थेट खांद्यापर्यंत गेली होती. कडा एकमेकींपासून लांब सरकलेल्या. नख सहज आत जाईल एवढी फट.

"तुना हाततून पडना का?" तिनं विचारलं. "पडना व्हई तं पडना. भांडं शे, पडसच. पन खरं सांग."

"माय, मना हात बी नही लागना." भिकूचे डोळे कोरडे होते. गाडीत रडून झालं असावं. "आम्ही बठ्ठा जेवाले बठेल व्हतूत. हंडा उतरंडवर व्हता, रिकामा. तड् करीसन आवाज ऊना. सासू उठीसन देखस तं हाई तडा. मंग आठ दिनमा दुभती म्हैस मरनी. सासू म्हने, तुना पाय पांढरा शे. भांडंसुद्धा तुले सोसत नही."

निंबाला, म्हणजे भिकूच्या बापाला, हे ऐकून घाम फुटला. तो मुळात भांडणाला घाबरणारा माणूस. संध्याकाळपर्यंत त्यानं आपल्या मनाशी तोडगा काढून ठेवला.

"आसं करूत," जेवताना तो म्हणाला. "नवा हंडा लयी देऊत. एखादी शांत करी लेऊत. पोर जाई परत."

"नवा हंडा दिधा म्हंजे आपनच कबूल करं," यशोदाबाई म्हणाली. "मंग उद्या तठे मडकं फुटनं तरी हिनंच नाव."

"मंग काय करशी?"

"जठून लया, तठे नेसू. इचारसू, का फुटना."

"तो तांबट तुले दारमा उभी तरी करी का?"

"उभी नही करी तं बसी राहसू."

दुसऱ्या दिवशी ती हंडा डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत चालत गेली आणि तिथून यष्टीनं धुळ्याला. गाडीत जागा नव्हती. हंडा मांडीवर घेऊन ती खालीच बसली. शेजारच्या बाईनं तडा पाहिला आणि पाय आवरून घेतले. यशोदाबाईला ते दिसलं. चार महिन्यांपूर्वी कुणाच्या सुनेचं असं ऐकलं असतं तर तिनंही पाय आवरले असते, हेही तिला ठाऊक होतं.

अभिमन तांबटाचं दुकान पुढं आणि कारखाना मागं. त्याच्या बापाच्या काळी त्या गल्लीत बोललेलं ऐकू यायचं नाही, इतकी ठोकाठोक चाले. पत्रा ठोकून भांड्याचा घाट आणायचा, आणि शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं सगळं अंग मठारायचं. प्रत्येक ठोक्याची एक चपटी टिकली उमटे. टिकलीशेजारी टिकली, मासळीच्या खवल्यांसारखी. यशोदाबाईच्या स्वतःच्या लग्नातली घागर तशीच होती. तीही तिनं भिकूला दिली होती. अभिमननं मात्र दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारा खराद बसवला. लाकडी साचा गरगर फिरतो, त्यावर पत्र्याची थाळी लावायची, लांब दांड्याच्या हत्यारानं ती दाबत दाबत साच्यावर बसवायची, आणि मग त्याच फिरतीवर घासून चकाकी आणायची. अशा हंड्यात तोंड दिसतं. लग्नाच्या घरांना तोच पाहिजे असायचा. वैशाखात यशोदाबाईनंही मठारलेले हंडे बाजूला सारून हाच उचलला होता. मांडवात तो सगळ्यांच्या नजरेत भरला तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

तिनं हंडा गादीपुढं ठेवला. अभिमननं तो हातात घेतला आणि अंगठा गळ्यावरून हळूहळू फिरवला. चाळिशीचा, कपाळावरचे केस विरळ झालेला, बोलायला मऊ माणूस.

"आपटला असेल, अक्का," तो म्हणाला.

"आपटना तं पोचा कोठे शे?"

अभिमननं हंडा फिरवून पाहिला. पोचा नव्हताच. "कधी कधी पोचा येत नाही," तो म्हणाला. "असू द्या. दुसरा घेऊन जा. हा तिथला घ्या, मोठा आहे. वर काही देऊ नका."

यशोदाबाईनं आयुष्यात पुष्कळ बाजार केला होता. भांड्याच्या दुकानदारानं घासाघीस न करता, आवाज न चढवता, बदलून द्यायला एवढं तयार व्हावं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाणी मागितलं. तो उठायच्या आत "तुम्ही बसा, मी लेस," म्हणून ती बोळकांडीतून मागं गेली.

मागच्या पडवीत माठ होता. तिनं आधी पाणी घेतलं, पोटभर प्याली. मग कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी गोलसर झाकलेलं दिसत होतं, त्याचं टोक उचललं. तीन हंडे होते. तिन्ही चकचकीत, तिन्ही गळ्याशी तडकलेले. चिरा तशाच, काठापासून खांद्यापर्यंत.

ती पुढं आली तेव्हा अभिमन उभाच होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"त्या बी आपटनात का?" तिनं विचारलं.

अभिमन खाली बसला. मग म्हणाला, "नाही. कुणीच आपटलं नाही."

"मंग?"

"दाखवतो. सांगून पटायचं नाही."

त्यानं मांडणीवरचा एक कोरा हंडा काढला आणि तिला मागं नेलं. हंड्याचा गळा त्यानं करवतीनं आडवा कापून बांगडीसारखा वेगळा केला. मग ती पितळी बांगडी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरली आणि तिला एका ठिकाणी उभी चीर घेऊ लागला. पत्रा केसाएवढा उरला असेल नसेल, तोच टण्ण आवाज झाला आणि बांगडी आपणहून उघडली. करवतीच्या पात्याएवढ्या फटीत आता बोट जात होतं.

यशोदाबाई दचकून मागं सरकली.

"मी ओढली नाही," अभिमन म्हणाला. "तिची तीच उघडली. पत्रा सपाट होता. मी त्याला दाबून दाबून गळ्यापर्यंत आणला, पण त्याला परत उलगडायचंच असतं. वरून गुळगुळीत दिसतो, तोंड दिसतं, पण कातडी अशी ताणलेली असते. ढोलकीसारखी. जरा कुठं काही लागलं की चीर पडते, आणि ताण तिला फाडत नेतो."

मग त्यानं मोडीच्या ढिगातून बापाच्या हातची एक जुनी, बूड गेलेली घागर काढली. तिच्या गळ्याचीही तशीच बांगडी काढून चिरली. चीर करवतीएवढीच राहिली, हलली नाही.

"हातोडीचा ठोका वरचा पदर आत दाबतो," तो म्हणाला. "शेजारच्या ठोक्याचं अंग ह्याला रेटतं, ह्याचं त्याला. वरची कातडी दाटीवाटीनं बसते. दाटीत चिरेला तोंड फुटत नाही. आणि माझ्या हंड्यातही बघा, वरचा आणि खालचा भाग जोडतात त्या मधल्या जोडापाशी एकही तडा नाही. तिथं जोडताना भट्टी लागते. आच लागली की ताण निघून जातो."

"पन काही लागना पाह्यजे म्हनतस ना? मनी पोर म्हनस, हात बी नही लागना."

"हंडा कुठं ठेवला होता?"

यशोदाबाईला आंबेपिंप्रीचं ते घर आठवलं. धाब्याचं, एकाच दाराचं. दारातून आत शिरलं की डावीकडं बैल आणि म्हैस, उजवीकडं दोन पायऱ्या चढून माणसं. नवी उतरंड विहीणबाईंनी मुद्दाम दारासमोर लावली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. म्हणजे ढोरांच्या अगदी तोंडाशी. पावसाळाभर दार लोटलेलं, आणि आत गोठ्याचा तो डोळ्यांना झोंबणारा वास.

तिनं सांगितलं. अभिमननं मान हलवली.

"लढाईच्या वेळी मी काडतुसांच्या कारखान्यात होतो. काडतुसाची पितळी नळी अशीच दाबून ओढतात. तिथले जुने कारागीर सांगायचे, पूर्वी पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं नुसती पडल्या जागी तडकायची. मुताचा वास पितळेला खातो. म्हणून नळी ओढून झाली की मंद आचेवर धरायची, मगच पुढं पाठवायची."

"मंग तुम्हले हाई माहीत व्हतं."

"पहिला हंडा आला तेव्हा वाटलं, पत्राच खराब. दुसरा आला तेव्हा समजलं."

"आनि तिसरा ऊना तव्हय?"

"तेव्हा गोणपाट टाकलं," अभिमन म्हणाला.

मग त्यानं आपली अडचण सांगितली. ती खरीच होती. आच दिली की पितळ काळवंडतं. मग ते आंबवणीच्या आंबट पाण्यात घालायचं, पुन्हा घासायचं, तरी पहिल्यासारखी चकाकी येत नाही. लगीनसराईत तेवढा वेळ नव्हता. आणि हंड्यात दोष आहे असं एकदा बाहेर गेलं, तर बापाच्या नावावर चाललेलं दुकान बसायला वेळ लागला नसता.

"मना संगे आंबेपिंप्रीले चाला," ती म्हणाली. "मले जे दखाडं, ते तठे दखाडा."

"तिथं सांगितलं की बाजारभर होईल, अक्का. दुसरा हंडा घेऊन जा. दोन न्या."

"मले हंडा नको." तिनं गोणपाटाकडं बोट केलं. "ह्या हंडा कोठला?"

"एक सोनगीरकडचा. एक साक्रीच्या वाटेवरचा. एक इथलाच, देवपुरातला."

"लग्नना?"

"लग्नाचे."

"मंग त्या घरेसन्या सुना कोठे शेत आते?"

अभिमननं करवत खाली ठेवली. हंडे घेऊन आलेली माणसं पुरुष होती. बदलून घेऊन गेली होती. हंडा फुटला त्या घरात पुढं काय झालं, हे त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"आमावश्या गई का येस," अखेर तो म्हणाला. इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. ते यशोदाबाईच्या ध्यानात राहिलं. त्याच बोलण्यावर विश्वास ठेवून ती घरी गेली.

तो आला. बरोबर दोन कोरे हंडे, एक लाकडी पेटी, चुनकळी आणि नवसागराचा खडा. कल्हईवाले भांड्याला कल्हई लावताना वापरतात तोच नवसागर. चुन्यात कालवला की त्याला गोठ्यासारखाच वास सुटतो, पण कितीतरी पट उग्र. निंबानं "मी नही येत," म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. यशोदाबाई आणि अभिमन असे दोघंच आंबेपिंप्रीत शिरले, तेव्हा गल्लीतल्या बायका दारात आल्या.

भिकूचा सासरा वना आबा ओट्यावर चिलीम भरत होता. त्यानं या, बसा केलं. सासू ताईबाई मात्र उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"फुटेल हंडानी मानसं मना घरमा नको," ती म्हणाली.

"घरमा नही येत, इहीन," यशोदाबाई म्हणाली. "आंगनमा बसूत. देखा आनि मंग सांगा."

ताईबाई वाईट बाई नव्हती. दुभती म्हैस तिनं स्वतः पारडीपासून वाढवलेली. ती गेल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. आणि म्हैस का गेली याचं एक कारण तिला हाताशी मिळालं होतं, ते ती सोडायला तयार नव्हती.

अभिमननं दोन्ही हंडे तिच्यापुढं ठेवले. एक खरादावरून काढला तसा, लखलखीत. दुसरा गोवऱ्यांच्या मंद आचेवर शेकून परत घासलेला, जरा तांबूस, जरा मिणमिणीत. दोन्हीत काय फरक, ते त्यानं सांगितलं. पेटीत चुना आणि नवसागर ठेवून दोन्ही हंडे त्यात बंद करायचे, सकाळी उघडायचे.

"तू आधीच चीर पाडी ठेयेल व्हई," ताईबाई म्हणाली.

"तपासा."

तिनं दोन्ही हंडे उन्हात नेऊन फिरवून फिरवून पाहिले. बोटानं वाजवले. मग आत जाऊन काजळाची डबी आणली आणि लखलखीत हंड्याच्या बुडाला एक बोट, मिणमिणीत हंड्याला दोन बोटं लावली, म्हणजे मागाहून कुणी बदलायला नको. पेटी बंद झाल्यावर तिनं पुनाला बाज आणायला सांगितली आणि पेटीला खेटून टाकवली. त्या रात्री ती त्या बाजेवरच झोपली. यशोदाबाई शेजाऱ्याच्या पडवीत राहिली आणि अभिमन देवळात.

सकाळी पेटी उघडली तेव्हा वासानं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ताईबाईनंच हात घातला. पहिला हंडा निघाला तो नुसता हिरवट डागाळलेला. तिनं बूड पाहिलं. काजळाची दोन बोटं. दुसरा काढला. काठापासून खांद्यापर्यंत चीर, भिकूच्या हंड्याला होती तशीच. बुडाला एक बोट.

अंगणात जमलेल्यांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "रातभर म्हतारी तर पेटीपाशीच व्हती."

ताईबाईनं तडकलेला हंडा खाली ठेवला. मग तिनं मान वर केली. "हंडानं सांगं तू. मंग मनी म्हैस काबर मरनी, ते सांग."

"म्हैस मी घडवली नव्हती, अक्का," अभिमन म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरोखर दुसरं काही सुचलं नाही.

ओट्यावरून वना आबा खाकरला. "म्हैसले घटसर्प व्हता," तो म्हणाला. "ढोरेसना डाक्टर सांगी गया व्हता. गळा सुजेल व्हता तिना."

यशोदाबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "मंग तव्हय काबर नही बोलनात, आबा? मनी पोर गाडीमा बसनी तव्हय?"

भरलेली चिलीम वना आबानं झटकली आणि पुन्हा भरायला घेतली. त्याच्याकडून तेवढंच मिळणार होतं. यशोदाबाईनं आपली पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी पुना गाडी घेऊन सावळखेड्याला आला. निंबाला इतका आनंद झाला की त्यानं बैलांपुढं स्वतः वैरण टाकली. यशोदाबाई पेटी भरायला उठली, तर भिकू चुलीपुढून हललीच नाही.

"चाल ना," यशोदाबाई म्हणाली. "घेवाले येल शे तो."

"त्यानी मले नही धाडेल. जिनी धाडं ती बोलाऊ दे."

"आगं, मी हंडा डोकावर लिसन धुळं फिरनू, त्या तांबटले गावमा लयी गऊ, ते कसाकरता?"

"हंडा फुटना त्यानं तू भांडनी, माय. मले गावदेखत गाडीमा बसाडं, त्यानं अजून कोनी काही बोलनं नही."

पुना दारात उभा राहून ऐकत होता. भिकूनं त्याच्याकडं पाहिलं. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं असावं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि मग रिकामी गाडी घेऊन गेला. निंबा दोन दिवस बायकोशी आणि लेकीशी धड बोलला नाही. यशोदाबाईला आधी राग आला, मग काळजी वाटली, आणि मग एका दुपारी भिकूचं काम करताना वाकलेलं अंग बघून तिला वाटलं की पोरीचं चुकलेलं नाही. तसं ती बोलली मात्र नाही.

दसरा झाल्यावर कपाशी फुटली. एका बाजाराच्या दिवशी ताईबाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. एकटीच आली होती. यशोदाबाईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. ती ओसरीच्या कडेवर टेकली आणि भिकूकडं न बघता म्हणाली, "कापूस फुटी ऱ्हायना. वावरमा हात कमी पडतस."

भिकू जेवायला बसली होती. तिनं भाकरी संपवली, हात धुतला.

"येस," ती म्हणाली. "पन उतरंड आते मी लावसू. मना मनले येई तठे."

ताईबाईनं गुळाचा खडा तोंडात इकडून तिकडं केला. "लाव," ती म्हणाली. "आनि गल्लीमा मी सांगेल शे. तुना दोस नही म्हनीसन. इचारी ले कोनले बी."

भिकू सासूबरोबर गेली. मधल्या खोलीत, गोठ्यापासून लांब तिनं उतरंड लावली. त्या घरात सासू-सुनेची पुढं पुष्कळ भांडणं झाली, पण ती मिठाची, वेचणीची, पाहुण्यांची. इतर घरांत होतात तशी.

अभिमननं धुळ्यात आणि आसपासच्या बाजारांत दवंडी दिली, की त्याच्या दुकानचा खरादाचा हंडा ज्याच्या घरी असेल त्यानं आणावा, फुकट शेकून मिळेल. लोक आले, पण थोडेच. पुष्कळांना वाटलं, यात काही डाव आहे. जे आले त्यांतल्या निम्म्यांनी चकाकी गेली म्हणून कुरकुर केली. शेजारच्या दुकानदारानं "आमचे हंडे तडकत नाहीत" म्हणून पाटीच लावली, आणि त्या हिवाळ्यात अभिमनचं गिऱ्हाईक तिकडं वळलं. त्यानं खराद बंद केला नाही. पण खरादावरून उतरलेलं प्रत्येक भांडं आता गोवऱ्यांच्या आचेतून जायचं, आणि गळ्यावर तो स्वतः हातोडीनं टिकल्यांची एक ओळ मारायचा.

मार्गशीर्षात तो अचानक सावळखेड्याला आला.

"देवपुरातल्या घरी जाऊन आलो," तो म्हणाला. "तिथं सून घरातच आहे. काही झालं नव्हतं. साक्रीच्या वाटेवर गेलो, तर सून माहेरी होती. त्या लोकांना समजावलं, तिला आणतो म्हणाले. पण सोनगीरकडच्या पोरीच्या माहेरी मला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. परका पुरुष लेकीबद्दल विचारतो म्हणून. तुम्ही येता का, अक्का?"

"आपलं काम व्हई गयं ना," निंबा आतून म्हणाला.

यशोदाबाईनं लुगडं बदललं आणि निघाली.

त्या पोरीचं नाव मंदा होतं. भिकूहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी. तिचा बाप दारातच म्हणाला की आता सांगून काही उपयोग नाही. उन्हाळ्यात आखाजीच्या सणाआधीच पंचांपुढं फारकत झाली, आणि तिकडं नवऱ्याचं दुसरं लग्नही ठरलं. अभिमन मान खाली घालून उभा राहिला. त्याला परत फिरावंसं वाटत होतं, हे यशोदाबाईला दिसत होतं. "बसा," ती त्याला म्हणाली. "पोरले तं सांगा."

मंदाला बोलावलं. ती दाराच्या चौकटीशी, पदर हनुवटीपर्यंत घेऊन बसली. अभिमननं पिशवीतून शेगडा, करवत आणि पितळेची बांगडी काढली आणि यशोदाबाईला दाखवलं होतं तसं करून दाखवलं. बांगडी टण्णकन उघडली. त्यानं सगळं सांगितलं. दोष हंड्याचा होता, म्हणजे आपला होता, हेही सांगितलं.

मंदानं हात पुढं केला. बांगडी घेतली, फट दोन्ही बाजूंनी दाबून मिटवली, सोडली. ती परत उघडली. तिनं पुन्हा मिटवली, पुन्हा सोडली. असं तिनं कितीतरी वेळा केलं.

"मी घरना भांडास्ले हात लावानं सोडी दिधं व्हतं," ती हळूच म्हणाली. "माले वाटे, खरंच काहीतरी शे मनामा."

"भांडास्लेच नही," तिची आई म्हणाली. "भाऊनं लेकरू व्हयनं, तीन महिना व्हई गयात. अजून एक डाव मांडीवर लियेल नही तिनी."

अभिमन हत्यारं पिशवीत भरू लागला. आत झोळीतलं मूल उठलं आणि रडायला लागलं. भावजय पाणी भरायला गेली होती. मंदाची आई उठू लागली, तर मंदानं बांगडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि ती आत गेली. थोड्या वेळानं रडणं थांबलं. यशोदाबाईनं चहाचा रिकामा कप बशीत उपडा केला आणि मंदाच्या आईला विचारलं, की परतीची गाडी फाट्यावर किती वाजता येते.